पाला

सोमवारी कपिलतीर्थ मार्केटच्या दारात
ठकूबाई झोरे बसते.
गगनबावड्याच्या पहिल्या एसटीनं येते,
पुढ्यात गोणपाट, त्यावर निगडीच्या पेंड्या.
पुस्तकात हिला निर्गुडी म्हणतात, मी सांगितलं.
"पुस्तकातली वाळल्याली असती. ही बग."

पान उलटं करून दाखवते:
वरून हिरवं, खालून राखेचं,
एका देठाला पाच, कधी तीनच,
पंजासारखी, बोटं जरा जास्त लांब.
शेळी तोंड लावत नाही, म्हणून बांधाला लावायची.
जे शेळीनं सोडलं ते माणसानं धरलं.

"सुजलं तर तव्यावर पाला गरम कर, तेलाचं बोट लाव,
सोसंल तेवढा ऊनऊन बांध. लई आवळू नको.
बाळंतिणीच्या पाण्यात टाक मूठभर.
नाक चोंदलं तर उशीत भर.
जोंधळ्याच्या कणगीत दोन डहाळ्या, किडा फिरकत न्हाई.
पोटात घ्यायचं इचारू नको, ते मी सांगत नसतो."

नसतो.
आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात,
पुरुषाचं क्रियापद कमरेला खोचून.

मी सीपीआरमध्ये एक्स-रे काढते, तळमजल्यावर.
अकरा वर्षं झाली: मोटरसायकली, उसाच्या मोळ्या,
तालमीतले उखळलेले खांदे.
येतात त्यातल्या निम्म्यांच्या अंगावर हिचा पाला.
आधी मी चिडायचे, सोडा ते, टेबलाला डाग पडतात.
मग लालासो नावाचा एक पैलवान म्हणाला,
"म्हातारीनं बोट फिरवलं, आत करकर वाजलं,
म्हणाली, हे माझ्या पाल्याचं काम न्हवं. ऊठ. सीपीआर."

सूज तिची, हाड आमचं.
कागद न करता झालेली वाटणी.

गेल्या भाद्रपदात ती स्वतःच आली.
चाळीस वर्षं कड्याकडेनं पाला तोडणारी बाई
स्टँडवर, एसटीच्या शेवटच्या पायरीवर घसरली.
उजवं मनगट. त्यावर पाला, पाल्यावर लुगड्याची चिंधी.
सोडताना खोलीत वास पसरला,
कडवट, कापराच्या जवळचा, ओढ्याकाठचा.
एसीनं दिवसभर तो बाहेर जाऊ दिला नाही.

"बांगड्या?"
"निघत न्हाईत. सुजलंय."
"राहू देत. हलू नका."

पडद्यावर मनगट आलं,
बांगड्यांच्या दोन फिकट कडा,
आणि आरशाला जाते तशी एक रेघ.
तिच्या तर्जनीला एक पान चिकटून राहिलं होतं.
टेबलावर मला ते दिसत होतं.
पडद्यावर त्या जागी नुसता अंधार.

ती मान वाकडी करून बघत राहिली.
"माझा पाला कुठाय ह्यात?"
"तो दिसत नाही ह्याला."
"मग आणिक काय काय दिसत न्हाई?"

यादी सांगता आली असती मला.
दारात पुढचा नंबर उभा होता.

सहा आठवडे तिच्या जागेवर कुणीतरी मेथी विकली.
प्लास्टर निघाल्याचं कळलं तशी मी गेले.
शिशाच्या ॲप्रननं मान धरली होती माझी.
तिनं डाव्या हातानं दाबून बघितलं,
उजवा अजून मांडीवरच, पातळ झालेला, पांढरट.
वर्तमानपत्रात एक पेंडी बांधली.

"सुकवून उशीत घाल. फरक न्हाई पडला, तर..."
"सीपीआर," मी म्हणाले.
"तितंच तर लागलंय तुला हे."

मी नोट पुढे केली. वाटलं होतं, नको म्हणेल.
"फोटोचं पैसं सोडलासा काय माझं?"
दहा रुपये. डाव्या हातानं घेतले,
उजव्या हाताला लावून कमरेला खोचले.

चौथ्या रात्री उशी भरली.
मान तशीच होती.
झोप मात्र लागली.